उद्यमनगरातला रेडिएटरवाला : आधी गळती शोधतो, मग पाना उचलतो

तपासणीचे पाचशे रुपये वेगळे. काम इथं करा, दुसरीकडं करा, नाहीतर करूच नका, पाचशे द्यायचेच. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या या दुकानात गेलं की आधी हे ऐकावं लागतं. माझ्यासमोर एक गिऱ्हाईक एवढ्यावरच चिडून गाडी वळवून गेलं. मला विचाराल तर या दुकानात मिळणाऱ्या सगळ्या वस्तूंत ती पाचशेची तपासणीच सर्वांत स्वस्त आहे. ज्यांच्या गाडीत कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, भरूनही पुन्हा पुन्हा कमी होतंय, त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते.

माझी गाडी २०१५ची डिझेल हॅचबॅक, दीड लाख किलोमीटरच्या आसपास चाललेली. मी जनावरांची डॉक्टर, राहायला गारगोटीत. भुदरगड आणि राधानगरीच्या वाड्यावस्त्यांवर रोजचं फिरणं. रात्री म्हैस अडली म्हणून फोन आला की गाडी जागेवरून हललीच पाहिजे, तिथं सबब चालत नाही. गेल्या पावसाळ्यापासून कूलंटच्या बाटलीतली पातळी उतरायला लागली. वरच्या रेघेपर्यंत भरायचं, दोन-तीन आठवड्यांत खालच्या रेघेच्याही खाली. शेडमधल्या फरशीवर एक थेंब नाही. तापमानाचा काटा आपल्या जागेवर. पांढरा धूर नाही, पिकअप नेहमीसारखा. पाणी जातंय हे नक्की, पण कुठं जातंय ते दिसत नाही.

आधीच्या गॅरेजचं नाव घेत नाही. तिथं जे झालं ते तुमच्याही गावात होत असणार. पहिल्यांदा बाटलीची कॅप बदलली. मग वरचा होज पाइप आणि क्लिपा. प्रत्येक वेळी ‘आता बघा, एक थेंब जाणार नाही’ अशी हमी. मग नवा रेडिएटर टाकून बघू म्हणाले, त्याला मी नकार दिला. शेवटी निदान आलं : हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, जिथं बसतो तिथलं सील) गेलंय, हेड उतरवावं लागेल, लेथवर फेसिंग करून सपाट करावं लागेल, चाळीसेक हजार धरून चला. कशावरून, असं विचारलं तर ‘बाहेर गळत नाही म्हणजे आतच जातंय की’. युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. आमच्या धंद्यात जनावराला ताप आहे म्हणून एकामागून एक इंजेक्शनं टोचत सुटणारा माणूस गावकरी बरोबर ओळखतात. गाडीच्या बाबतीत मात्र तेच लोक निमूटपणे पार्ट बदलून घेत बसतात आणि वर मिस्त्रीला चहा पाजतात.

या दुकानाचा पत्ता मला दूध संघाच्या टँकरवरच्या ड्रायव्हरनं दिला. दुकान म्हणजे जेमतेम दीड गाडी मावेल एवढा गाळा, एका बाजूला लेथचं वर्कशॉप, दुसऱ्या बाजूला वेल्डिंगवाला. मालकांना सगळे मामाच म्हणतात. साठीच्या पुढचे असावेत. पितळी-तांब्याचे रेडिएटर उघडून, नळ्या साफ करून, डाग देऊन परत बसवण्याच्या काळात धंदा शिकलेले. आता रेडिएटर ॲल्युमिनियमचे, कडेच्या टाक्या प्लॅस्टिकच्या आणि दोन्ही दुमडून दाबून बसवलेले. त्यांना डाग देता येत नाही. ‘आता हातात राहिलं ते शोधणं,’ असं ते म्हणाले. हाताखाली भाचा आहे, बोलतो कमी, बॅटरी (टॉर्च) धरतो बरोबर.

बॉनेट उघडण्याआधी त्यांनी मला प्रश्न विचारले. भरताना इंजिन थंड असतं का गरम? सकाळी गाडी सुरू करायच्या आधी वरचा होज दाबून बघितलाय का, कडक लागतो का मऊ? हीटर लावल्यावर आत गोडसर वास येतो का? पुढची काच आतून चिकट धुरकटते का? डाव्या सीटखालचं कार्पेट ओलं? घाटात गेल्यावर जास्त जातं का गाडी नुसती उभी राहिली तरी जातं? शेवटच्या प्रश्नावर मी जरा थांबले, कारण उत्तर माझ्याकडं होतं आणि ते कुणी विचारलंच नव्हतं. मध्ये आठवडाभर मी बाहेरगावी होते, गाडी शेडमध्ये उभी होती. परत आले तेव्हा पातळी उतरलेली होती. मामांनी भाच्याकडं बघितलं. ‘गॅस्केटचं पाणी बंद गाडीत एवढं जात न्हाई, डॉक्टर. गाडी रातभर इथं ठेवा. गरम इंजिनावर मी हात लावत न्हाई.’

होज कडक का मऊ, या प्रश्नाचा अर्थ नंतर समजला. गॅस्केट फुटलं की सिलिंडरातला जळलेला वायू दाबानं पाण्याच्या वाटेत शिरतो, आणि रात्रभर थंड झालेल्या इंजिनाचा होजसुद्धा सकाळी फुगलेला, टणक लागतो. माझा मऊ होता. ही तपासणी घरी कुणालाही फुकटात करता येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम हजर राहिले. थंड इंजिनावर बाटलीची कॅप काढून तिथं प्रेशर टेस्टर बसवला : हातपंप, एक नळी, एक घड्याळ. कॅपवर १.१ बार छापलेलं होतं, तेवढाच दाब भरला. जास्त भरायचा नाही, नाहीतर चांगल्या ठिकाणी आपणच गळती करून ठेवू, हे भाच्याचं त्या दिवसातलं सर्वांत मोठं वाक्य. मग आम्ही नुसते काट्याकडं बघत चहा प्यालो. काटा इतक्या हळू उतरत होता की आधी मला तो जागेवरच वाटला. वीसेक मिनिटांनी तो ०.९ वर आला. म्हणजे थंड, बंद इंजिनातून पाणी जातंय हे सिद्ध. आणि तरीही खाली थेंब नाही, होजांवर ओल नाही, रेडिएटरच्या दुमडीवर डाग नाही. जुनी कॅपही मी बरोबर नेली होती. तीही त्यांनी टेस्टरवर लावून बघितली. तिचा वाल्व ठरल्या दाबालाच उघडत होता. म्हणजे कॅप बदलण्याचे पैसे फुकट गेले.

कॅपबद्दल एक सांगण्यासारखं. ती फक्त झाकण नसते. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं, पण १.१ बारचा दाब धरून ठेवला तर १२० अंशांच्या वर जाईपर्यंत उकळत नाही. निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी असं कूलंटचं मिश्रण असेल तर आणखी सात-आठ अंश मिळतात. गळती बारीक असली तरी दाब धरत नाही, आणि दाब नसला की करूळ घाटाच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू ठेवून जाताना मिश्रण उकळायला वेळ लागत नाही. शिवाय पातळी फार उतरली तर तापमानाचा सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडतो. मग इंजिन भाजत असताना काटा मात्र निवांत मधल्या रेघेवर. ॲल्युमिनियमचं हेड वाकतं ते अशा वेळी. म्हणजे गॅस्केटचं जे निदान मला मिळालं होतं, ते आणखी थोडे महिने दुर्लक्ष केलं असतं तर खरंही ठरलं असतं.

गॅस्केटचा संशय मामांनी तोंडी उडवून लावला नाही, तपासून काढला. बाटलीतलं पाणी थोडं कमी केलं, तोंडावर काचेची नळी बसवली, तिच्यात निळा द्रव. इंजिन चालू करून गरम होऊ दिलं आणि रबरी फुग्यानं बाटलीतली हवा त्या द्रवातून ओढली. जळलेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड मिसळला की तो निळा रंग बदलतो, पेट्रोल गाडीत पिवळा, डिझेलमध्ये हिरवट. आमचा निळाच राहिला. प्रयोगशाळेत आम्ही वापरत आलो त्याच जातीचा हा सूचक द्रव, त्यामुळे मला बघायला मजा आली. मामा मात्र एका तपासणीवर विसंबले नाहीत. लांब फेरी मारून आणून परत एकदा केली. तेव्हाही निळा. तेलाच्या कॅपखाली साय नाही, डिपस्टिकवर दुधाळ तेल नाही. डिझेल गाडीत आणखी एक छुपी वाट असते, ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत वळवलेला धूर पाण्यानं थंड करणारा भाग. तो आतून फुटला तर पाणी सरळ सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं आणि बाहेर काहीच दिसत नाही. त्याची नळी उघडून बॅटरीनं बघितली, आत कोरडी काजळी होती. हीटरच्या नळ्या आणि कार्पेटही कोरडं. एकेक नाव असं यादीतून खोडत गेले.

मग बाटलीत रंग टाकला. चमकणारा पिवळट-हिरवा द्रव, जो जांभळ्या बॅटरीच्या उजेडात झळकतो. ‘आता चार-पाच दिवस रोजच्यासारखी फिरवा, आणि इंजिन वरनं पाण्यानं धुऊ नका,’ एवढं सांगून गाडी परत दिली. इथं माझी पहिली तक्रार नोंदवते : गारगोटी ते कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर, आणि दोन हेलपाटे पडणार हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. गावातल्या गिऱ्हाइकाला याचं काही वाटणार नाही, आमच्यासारख्यांना वाटतं.

परत गेले तेव्हा त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि अंधारात बॅटरी मारली. एअर फिल्टरचा डबा काढल्यावर इंजिनाच्या मागच्या अंगाला, थर्मोस्टॅटच्या (तापमान बघून पाण्याची वाट उघड-बंद करणाऱ्या वाल्वच्या) प्लॅस्टिक हाउसिंगच्या, म्हणजे कवचाच्या, जोडापासून एक हिरवी रेघ खाली उतरलेली दिसली. तिथून ती गिअरबॉक्सच्या खांद्यावर पसरली होती आणि तिथंच संपत होती. गिअरबॉक्स गरम, त्यामुळे थेंब खाली पडायच्या आधीच वाळून जात होता. जो एखादा सुटत होता तो खालच्या प्लॅस्टिक कव्हरवर अडकत होता. कव्हर काढल्यावर त्यात वाळलेली गुलाबी खपली सापडली. फरशी कोरडी राहण्याचं कारण हे.

हाउसिंग काढून हातात दिलं तेव्हा नुसत्या डोळ्यांना त्यात काही दिसेना. मामांनी नखानं जरा ताण दिला तशी केसाएवढी चीर उघडली. वर्षानुवर्षं तापून-निवून प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं, आतली रबरी रिंग चपटी पडलेली. गरम असताना प्लॅस्टिक फुगतं आणि चीर मिटते; गाडी निवली की उघडते. गरम इंजिनावर गळती शोधणारा माणूस ही कधीच पकडू शकला नसता. रात्रभर गाडी ठेवून घेण्याचा हट्ट त्यासाठी होता.

इथंच बहुतेक गॅरेजवाले थांबले असते, मीही पाकीट काढलं होतं. नवं हाउसिंग बसवून मामांनी परत टेस्टर लावला. काटा आता बराच वेळ स्थिर राहिला, पण अगदी केसभर उतरला. ‘अजून एक हाय,’ म्हणाले. मला खरं सांगायचं तर क्षणभर शंका आली की आता बिल वाढवायला सुरुवात झाली. भाच्यानं आरसा आणि बॅटरी माझ्याच हातात दिली. वॉटर पंपाच्या अंगाला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं; आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता त्या भोकातून बाहेर यावं म्हणून कंपनीनंच ठेवलेलं. त्याच्या तोंडाशी तोच हिरवा ठिपका. म्हणजे गळत्या दोन होत्या, मोठी आणि लहान. नुसतं हाउसिंग बदलून गाडी नेली असती तर दोन महिन्यांनी परत हाच खेळ, आणि मग दोष नव्या हाउसिंगला. एकच एक कारण सापडलं की शोध बंद करायचा, ही खोड सर्वच धंद्यांत आहे, आमच्याही. माणसानं दुरुस्तीनंतर परत तपासलं, त्याचे मी या दुकानाला सर्वांत जास्त गुण देते.

माझ्या इंजिनात पंप बाहेरच्या बेल्टवर चालतो, म्हणून काम अर्ध्या दिवसात झालं. तुमच्या गाडीत पंप टायमिंग बेल्टवर असेल तर मजुरी बरीच वाढेल. तेव्हा बेल्ट आणि टेन्शनर त्याच उघडण्यात बदलून घेतलेले बरे, असं मामांचं म्हणणं, आणि ते पटण्यासारखं आहे.

बिल : तपासणी ५००, रंग ३००, हाउसिंग थर्मोस्टॅटसकट २,४००, पंप २,७००, कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी ९००, मजुरी १,८००. एकूण ८,६००. काढलेले दोन्ही पार्ट न मागता पिशवीत घालून दिले. थर्मोस्टॅट काढून टाकू का, असं त्यांना विचारणारी गिऱ्हाइकं अजून येतात. पूर्वी आपल्याकडं तसं सर्रास करत. ते करत नाहीत. त्यानं इंजिन नीट तापत नाही आणि डिझेल जास्त जातं, हे ते प्रत्येकाला नव्यानं समजावतात, तेही वैतागून.

गळती बंद करणाऱ्या पावडर-बाटल्यांविषयी तर बोलूच नका. भिंतीवर एक रेडिएटर मधोमध कापून टांगलाय, त्याच्या नळ्या तपकिरी चिखलानं बुजलेल्या. कुणी ‘मामा, ती दोनशेची बाटली ओतली तर?’ म्हटलं की ते बोलत नाहीत, बोटानं भिंत दाखवतात. तो चिखल गळतीच्या चिरेत जातो तसाच हीटरच्या बारीक नळ्यांतही जाऊन बसतो.

कूलंट भरतानाही काम नीट. आधीच्या गॅरेजनं बोअरचं पाणी ओतलेलं, त्यानं आत क्षार धरले होते, म्हणून दोनदा डिस्टिल्ड पाण्यानं धुऊन काढलं. नंतर कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या जातीचंच कूलंट, निम्मं-निम्मं. हिरव्यात हिरवं आणि गुलाबीत गुलाबी एवढं बघून भरू नका. रंग प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीनं घालते, रसायन वेगळं असू शकतं. मग हीटर पूर्ण गरमवर ठेवून, वरचा स्क्रू सैल करून हवा काढली. हवेचा फुगा अडकून राहिला तर नवं काम असूनही गाडी गरम होते आणि लोक मिस्त्रीला शिव्या देतात.

आता एक गोष्ट माझ्या धंद्याच्या डोळ्यांनी. काढलेलं कूलंट त्यांनी गटारात सोडलं नाही, झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवलं. विचारलं तर म्हणाले, गल्लीतली कुत्री चाटतात. बरोबर आहे. यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जहरी. मांजराला वजनाच्या किलोमागे दीड मिलीलिटरदेखील प्राणघातक ठरतं. कुत्र्याला त्याहून जास्त लागतं, पण सांडलेल्या थारोळ्यात तेवढं सहज असतं. आधी दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खातं, मग सुधारल्यासारखं वाटतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मूत्रपिंडं निकामी होतात. पहिल्या काही तासांत आलात तर आम्ही काही करू शकतो, नंतर फारसं नाही. गाडीखाली गोडसर वासाचं थारोळं दिसलं तर आधी माती टाका, मग मिस्त्रीला फोन करा.

तक्रारी अजून आहेत. अंदाजे खर्च किती, याचं उत्तर तपासणी पूर्ण होईपर्यंत मिळत नाही. ‘बघितल्याबिगर कसं सांगू’ हे एकच वाक्य. तत्त्व म्हणून मान्य, पण ज्याला पैशाची जुळणी करायची आहे त्याला किमान कमीत कमी-जास्तीत जास्त सांगायला काय जातं? फोन उचलत नाहीत. बसायला एक लोखंडी स्टूल, तेही बहुधा पाना-पक्कडींनी भरलेलं. बाईमाणसाला अर्धा दिवस थांबायचं तर स्वच्छतागृहाची सोय नाही, जवळच्या हॉटेलात जावं लागतं. खालच्या प्लॅस्टिक कव्हरच्या दोन क्लिपा परत बसवायच्या राहिल्या, गारगोटीला पोचेपर्यंत कव्हर खडखडत होतं. पुढच्या खेपेला विचारलं तर हसून नव्या लावून दिल्या. बिल वहीच्या पानावर, पक्कं हवं असेल तर आधी सांगा. आणि मामा राजकारणावर बोलायला लागले तर हो ला हो करा, नाहीतर काम लांबतं.

काम होऊन आता सहा महिने होऊन गेले. यात उन्हाळा येऊन गेला, फोंडा घाटानं कणकवलीला नणंदेकडं माणसं-सामान भरून जाऊन आले. पातळी थंड इंजिनावर जिथं होती तिथंच आहे.

जाणार असाल तर गाडी संध्याकाळी नेऊन सोडा, म्हणजे सकाळी थंड मिळते आणि एक हेलपाटा वाचतो. वाटेत बाटली भरू नका, किती उतरलंय ते त्यांना बघायचं असतं. आधी बदललेले जुने पार्ट घरात असतील तर तेही घेऊन जा. ईजीआर कूलरचं मोठं काम ते स्वतः करत नाहीत, दुसरीकडं पाठवतात. सोमवारी दुकान बंद.